आवाज समाधानकारक

६ फेब्रुवारी
मुख्याध्यापकांची खोली, मधली सुट्टी

चि. पोपट यास,

आशीर्वाद आहेतच, पण आधी तक्रार. खरं तर फोनच करणार होतो. पण फोनवर तू समोरच्याला श्वाससुद्धा घेऊ देत नाहीस, आणि शोरूम काढल्यापासून तर तुझ्या तोंडाला ब्रेकच राहिला नाही. पत्राचं बरं असतं, मध्ये बोलता येत नाही. उत्तरही पत्रानेच दे आणि शाळेच्या पत्त्यावर दे. घरी आलेलं पत्र तुझी ताई आधी फोडते आणि मग भावाची बाजू घेते.

तुझ्या आग्रहाखातर, आणि सरकारच्या त्याहून मोठ्या आग्रहाखातर, मी माझी जुनी पेट्रोलची स्कूटर भंगारात दिली. तिला लोक ‘तोफ’ म्हणायचे. मी पुलावर असताना शाळेत कळायचं की मुख्याध्यापक निघाले. आता तुझी ही विजेची आणली आहे. बाईसाहेब तोंडच उघडत नाहीत! गाडी चालू आहे की बंद, हे मला कळायचं कसं? काल किराणा दुकानासमोर बंद आहे समजून सहज मूठ पिळली, तर ती मला घेऊन थेट साबणाच्या खोक्यांत शिरली. दुकानदार म्हणाला, “सर, काय हवं ते मागायचं ना, मी दिलं असतं.”

मी शांतताप्रिय माणूस आहे, हे सगळं गाव जाणतं. पण शांततेलाही काही मर्यादा? आमच्या फाटकासमोरचं गटाराचं झाकण सैल आहे आणि गाडी त्यावरून गेली की ठक्कन वाजतं, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकू आलं. नगरपालिकेला अर्ज केला आहे.

सबसिडीचा पहिला हप्ता मिळाला. उरलेला कधी?

दाजी


११ फेब्रुवारी
शोरूम, गिऱ्हाईक नसण्याची वेळ (म्हणजे जवळपास दिवसभर)

तीर्थस्वरूप दाजी,

नमस्कार, आणि तुमचं पत्र मध्ये एकदाही न बोलता पूर्ण वाचलं, याची नोंद व्हावी.

गाडी गप्प आहे ही तक्रार करणारे तुम्ही पहिलेच. हिरवा दिवा लागला की गाडी चालू, एवढंच लक्षात ठेवा. दिवा हिरवा असताना मूठ पिळायची नाही, साबण लागत असेल तरीही नाही. आणि रागवू नका, पण तोफेवर बसून गावभर शांततेचे धडे देत फिरायचात तुम्ही. लोका सांगे ब्रह्मज्ञान! आता कुठे माणूस आणि गाडी एका मताचे झाले.

दाजी, आता माझं ऐका. सगळीकडे विजेच्या गाड्या निघाल्या आहेत. शहरात म्हणे पेट्रोलपंपवाले हवा भरून द्यायलासुद्धा गिऱ्हाईक शोधतात. पण तुमच्या भागात तुमची पहिलीच. कंपनीने मला स्पष्ट सांगितलंय, सरकारी योजनेची मुदत संपेपर्यंत तुमच्या भागात पुरेशा गाड्या गेल्या नाहीत, तर शोरूम काढून दुसऱ्याला देणार. घरातलं होतं नव्हतं ते मी यात घातलंय. तुम्ही हेडमास्तर, लोक तुमच्याकडे बघून घेतील. म्हणून तुम्ही फक्त ऐटीत फिरा. हसतमुख फिरायला सांगत नाही, ते तुम्हाला जमायचं नाही.

दुसरा हप्ता येईल. सरकारचं काम आहे, थोडं थांबा.

तुमचा पोपट


२ मार्च
मुख्याध्यापकांची खोली, दार लावून

चि. पोपट,

गाडी बरी आहे. आता कशावर आदळत नाही.

पण एक चमत्कारिक गोष्ट घडली. सोमवारी मी शाळेत पोचलो, ते कुणालाच कळलं नाही. शिपाई बाकावर आडवा, दोन वर्गांत शिक्षकच नाहीत, आणि माझ्या खुर्चीत इतिहासाचे मास्तर टेबलावर पाय टाकून “हाताची घडी, तोंडावर बोट!” अशी माझी नक्कल करत होते. बाकीचे सगळे पोट धरून हसत होते. नक्कल वाईट नव्हती. घसा मात्र उगीच जास्त घोगरा केला होता. तोफ पुलावर आली की हे सगळे आपापल्या जागी जाऊन बसायचे, पोपट. इतकी वर्षं मी जिला शाळेची शिस्त समजत होतो, ती माझ्या सायलेन्सरची होती.

मी रागावलो असेन असं तुला वाटेल. रागावलो. पण दुपारी एकटाच बसून हसलोही. हे कुणाला सांगू नकोस.

घरीही एक गोष्ट कळली. ती लिहिण्यासारखी नाही.

एक शंका आहे, तिचं नीट उत्तर दे. ही गाडी कायम अशीच गप्प राहील ना? तोफेचा सायलेन्सर सडत गेला तसा तिचा आवाज वाढत गेला. हिच्यात सडण्यासारखं काही आहे का? सर्व्हिसिंगला दिली की आवाज करायला लागते, असं तर नाही? असेल तर मी सर्व्हिसिंग करणार नाही.

दाजी


७ मार्च
शोरूम

तीर्थस्वरूप दाजी,

पेढे द्या! गोड तोंड तुम्ही करायचं, कारण बातमी तुमची आहे. तुमची पहिल्या पत्रातली तक्रार सरकारने ऐकली.

नवा हुकूम निघालाय. विजेच्या गाड्या येतात ते पायी चालणाऱ्यांना कळत नाही, म्हणून प्रत्येक गाडीला आवाजाची डबी बसवायची. गाडी हळू चालली की डबी वाजते. कोपऱ्यावर, गल्लीत, दारात, सगळीकडे गुणगुणते. डबी फुकट, बसवायचे पैसे नाहीत, आणि ती बसवून तपासनिसाची सही झाली की सबसिडीचा दुसरा हप्ता थेट खात्यात. तुमच्या पत्रावरून दिसतंय की गप्प गाडीची तुम्ही धास्तीच घेतलीय. आता धास्ती सोडा. पुढच्या आठवड्यात माझा मेकॅनिक पाठवतो.

सर्व्हिसिंग जरूर करा, तिथेच तर आम्ही दोन घास खातो.

पोपट


१४ मार्च

प्रति,
मा. शोरूम-मालक

विषय: आवाजाची डबी बसवून न घेणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, निम्नस्वाक्षरीकर्त्यास सदर डबीची आवश्यकता नाही. कारणे: (१) निम्नस्वाक्षरीकर्ता शांतताप्रिय आहे. (२) गावात आवाज पुरेसा आहे. (३) निम्नस्वाक्षरीकर्ता पायी चालणाऱ्यांना स्वतःच्या तोंडाने “बाजूला व्हा” असे सांगण्यास समर्थ आहे. (४) दुसरा हप्ता मिळाला नाही तरी चालेल.

आपला मेकॅनिक आला होता. त्यास चहा देऊन परत पाठविण्यात आले.

कळावे,
मुख्याध्यापक

ता. क. हे घरगुती. गटाराचं झाकण बसवायला नगरपालिकेचा माणूस शेवटी आला, तर तुझ्या ताईने त्याला “राहू दे, आम्हाला सवय झालीय” म्हणून वाटेला लावलं. मी अर्ज करायचे आणि हिने माणूस परत पाठवायचा. तुमच्या घराण्यातच काहीतरी आहे.


१९ मार्च
शोरूम, शटर अर्धं ओढून

दाजी,

महोदय वगैरे वाचून मी पाकिटावरचा पत्ता पुन्हा तपासला. तुम्ही आणि हप्ता सोडणार? तुम्ही, जे संपत आलेल्या खडूचे तुकडे डबीत जमवता?

मग सगळा उलगडा झाला. परवा तुमच्या शेजारचे कंपाउंडर गाडी बघायला आले होते. ते म्हणाले, “तुमचे दाजी बरे आहेत ना? रोज संध्याकाळी स्वतःच्या घराबाहेर पाण्याच्या टाकीमागे उभे असतात. चांगला अर्धा तास. हेल्मेटसुद्धा काढत नाहीत. मी हाक मारली तर तोंडावर बोट ठेवून मलाच गप्प केलं.”

दाजी, माझ्यापासून काय लपवता? ताईने तुम्हाला घराबाहेर काढलंय. मला तिचा स्वभाव लहानपणापासून माहीत आहे. पाटी फोडली म्हणून तिने मलाही असंच दाराबाहेर उभं केलं होतं. म्हणून तुम्हाला गाडी गप्प हवी, आपण कधी आलो ते तिला कळू नये म्हणून! अनुभवाने सांगतो, काही केलं असेल तर माफी मागा. काही केलं नसेल तर दोनदा मागा. पण माझ्या शोरूमवर राग काढू नका. डबी बसवली नाही तर योजनेत तुमची गाडी विकली असं धरतच नाहीत, आणि माझ्या नावावर तुमच्या भागात शून्य राहतं.

हात जोडतो. घरातल्या भांडणात माझ्या पोटावर पाय देऊ नका.

पोपट


२३ मार्च
मुख्याध्यापकांची खोली, सगळे घरी गेल्यावर

पोपट,

तू सुतावरून स्वर्ग गाठणारा माणूस आहेस. मला कुणी बाहेर काढलेलं नाही. आता सांगतो, कारण नाही सांगितलं तर तू त्याहून भलतंच काहीतरी गावभर करशील.

गाडी आणली त्याच्या पुढच्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी फाटकाशी उतरलो, तर आतून गाणं ऐकू आलं. वाटलं, रेडिओ लावलाय. कुणी बाई फार सुरेख गात होती. तान वर गेली, तिथे थोडी थांबली, आणि मग ती बाई म्हणाली, “मेलं, दूध उतू गेलं.” रेडिओवर असं म्हणत नाहीत.

तुझी ताई गाते. आणि मला माहीत नव्हतं. मी तिच्यासोबत जेवलो, भांडलो, तिच्या दातदुखीत रात्रभर जागलो, आणि हे मला माहीत नव्हतं. तोफ पुलावर आली की ती थांबत असणार. शाळेत दिवसभर कलकलाट असतो, घरी तरी शांतता असू द्या, हे मीच म्हणत आलो. ती मुकाट्याने ऐकत आली. मी शांतता मागितली आणि ती मला अगदी मनासारखी मिळाली.

म्हणून टाकीमागे उभा राहतो. आत गेलो की गाणं थांबतं. एकदा खोकून आत शिरलो, तर ही भाजी निवडत बसलेली, चेहरा असा की हिला सा आणि रे सुद्धा माहीत नसावा. सांगून टाकावं असं रोज मनात येतं. पण सांगितलं तर ती संकोचेल, आणि मग काहीच ऐकू यायचं नाही. भरल्या वर्गासमोर मी कधी घाबरलो नाही. याला घाबरतो. आणि तू निघालास या गाडीला डबी बसवायला!

पण तुझं पत्र वाचून झोप लागली नाही. तुझ्या घरच्यांचं पोट माझ्या ऐकण्यापेक्षा मोठं आहे, एवढं मला कळतं. काल मेकॅनिकला बोलावून डबी बसवून घेतली. बाटलीत कोंडलेल्या माशीसारखा आवाज आहे. काळजी नको, मी त्यावर उपाय शोधला आहे.

ताईला एक अक्षर बोलायचं नाही. तुला तिची शपथ.

दाजी


२ एप्रिल
शोरूम, निदान आज तरी

दाजी,

उपाय! वा, काय उपाय!

तुम्ही रोज संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी गाडी बंद करता. का, तर बंद गाडीची डबी वाजत नाही. आणि मग ते धूड घामाघूम होत घरापर्यंत ढकलत नेता. गल्लीतल्या सगळ्या ओट्यांसमोरून! लोक काय म्हणणार? हेडमास्तरांना बायकोचं गाणं चोरून ऐकायचंय, असं म्हणणार? लोक म्हणतात, बॅटरी घरापर्यंतसुद्धा पुरत नाही! किराणावाल्याने बुकिंग मोडलं. कंपाउंडर तर येऊन माझं सांत्वन करून गेले. तुमच्या गल्लीतल्या शिंप्याने सांगितलं, “सरांच्या वयात ढकलणं जमतं, मला गुडघे आहेत.” पुढच्यास ठेच आणि मागचा शहाणा! सरकार एवढी जाहिरात करतंय, सबसिडी देतंय, जागोजाग चार्जिंगचे खांब उभे करतंय, आणि तुम्ही एकटे ते सगळं रोज संध्याकाळी हाताने मागे ढकलताय.

ताई गायची ते मला आठवतं, दाजी. लग्नाआधी घर डोक्यावर घ्यायची. आई म्हणायची, हळू गा, शेजारी झोपलेत, आणि शेजारी म्हणायचे, झोपलो नाही, गाऊ दे. तुमचं पत्र वाचून माझे डोळे भरले. पण मुदत या महिनाअखेर संपते. या गतीने महिनाअखेर मी रस्त्यावर असेन, आणि तुमच्या शेजारीच गाडी ढकलत असेन.

शपथ मला आठवते. पण आजवर पोपटाला गप्प बसवणं कुणाला जमलंय?

पोपट


९ एप्रिल
स्वयंपाकघर

पोपट्या,

तुझं पत्र आलं. शपथ घातलेली गोष्ट एवढ्या सविस्तर सांगणारा तू एकटाच. दाजींचं पत्रसुद्धा जोडून पाठवलंस, म्हणजे कमाल झाली. आता रडगाणं बंद कर आणि वाच.

मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. यांची गाडी मुकी असेल, गटाराचं झाकण मुकं नाही. रोज संध्याकाळी ठक्क वाजतं, आणि त्यानंतर फाटक वाजत नाही. मी खिडकीच्या फटीतून पाहिलं, तर टाकीवर हेल्मेट. आधी वाटलं चोर आहे. लाटणं घेऊन निघालेच होते. मग हेल्मेट डोलायला लागलं. तेही तालात नव्हतं, तेव्हा ओळखलं.

तरी मी गात राहिले. तुला खोटं वाटेल, पण त्या दिवशी एकच ओळ मी चारदा गायले. इतकी वर्षं भिंतींना ऐकवलं. आता कुणीतरी उभं राहून ऐकतंय, आणि तेही हे! दुसऱ्या दिवसापासून दुपारीच मनात म्हणून बघायला लागले, आज काय गायचं. दोनदा भाजी करपली. झाकण दुरुस्त करायला माणूस आला, त्याला मी हाकलला, कारण ते वाजलं की मी सुरुवात करायची. हल्ली हे ढकलत आणतात, तरी चाक त्यावरून जातंच. धापा मात्र मला आतपर्यंत ऐकू येतात. माणूस गाणं ऐकायला आलाय की दम खायला, कळत नाही.

मी सांगितलं तर त्यांना संकोच. त्यांनी सांगितलं तर मला. असं दोघं भिंतीच्या दोन बाजूंना मजेत होतो, आणि मध्ये तुझी डबी आली.

आता तू काही करू नकोस. तुला ते जमणार नाही हे माहीत आहे, म्हणून दोनदा लिहिते, काही करू नकोस. फक्त तो तपासनीस कोणत्या दिवशी येणार तेवढं कळव.

ताई

शिंप्याच्या बायकोशी बोलले आहे. त्याचे गुडघे चांगले आहेत.


२५ एप्रिल
घर. बाहेरची खोली

चि. पोपट,

तुझी शपथ फुकट गेली हे मला कळलेलं आहे. शिक्षा नंतर ठरवू.

काल सरकारी तपासनीस आला. नियम असा की गाडी चालवत राहत्या घरापर्यंत न्यायची आणि तो मागे बसून डबीचा आवाज ऐकणार. ढकलण्याची सोय नाही. गल्लीत शिरलो आणि डबी गुणगुणायला लागली. ओट्यांवरचे लोक उठून उभे राहिले, सरांची गाडी चालली म्हणून. मला मात्र वाटलं, संपलं. आता हिला ऐकू गेलं असणार. आता घर गप्प होणार. कितीही हळू चालवलं तरी घर जवळच येत होतं.

झाकण ठक्क वाजलं. आणि आतून गाणं सुरू झालं.

थांबलं नाही, पोपट. सुरू झालं. डबी वाजत होती आणि ती गात होती, खिडकी सताड उघडून, पूर्वी कधी ऐकलं नव्हतं इतक्या मोठ्याने. मी टाकीकडे वळलो, सवयीने. तर गाण्याच्या मध्येच आवाज आला, “टाकीमागे जायचं कारण नाही. आत खुर्ची आहे.” आणि पुढची ओळ.

मी आत जाऊन बसलो. ती माझ्याकडे बघत नव्हती, भिंतीकडे बघत गात होती. मीही भिंतीकडेच बघत होतो. मला रडू आलं. मुख्याध्यापकाने असं लिहू नये, पण तू माझ्या शाळेत नाहीस. तपासनीस दारात चपला काढून उभा राहिला, गाणं संपेपर्यंत. मग त्याने माझ्या कागदावर शेरा लिहिला, ‘आवाज समाधानकारक’, आणि मला विचारलं, “उद्याही तपासणीला आलं तर चालेल का?”

शिंपी, कंपाउंडर आणि किराणावाला आज सकाळीच तुझ्याकडे यायला निघाले आहेत. किराणावाला विचारत होता, गाडीबरोबर गाणंही मिळतं का. त्याला ‘नाही’ असं सांग. नीट सांग, नाहीतर कबूल करून बसशील.

ठेक्यासाठी तिने मला टाळी धरायला सांगितली होती. दोन ओळींनंतर काढून घेतली.

आता एक काम आहे. तुझ्या डबीचा सूर हिच्या सुरापेक्षा जरा उतरलेला आहे. तो थोडा वर नेता येईल का? ती म्हणते, मग तिथूनच उचलायला बरं पडेल. सबसिडीत बसत नसेल तर पैसे मी भरतो.

दाजी